पहिलीच रात्रीची चढाई, गाईडसोबत: सहा आठवड्यांत तयारी कशी करावी?

तळपाय

सहा आठवड्यांनी नवरा आणि मी रात्रीच्या एका चढाईला जातोय. माहितीपत्रकात 'नवशिक्यांसाठी योग्य' लिहिलंय. पायथा १,७०० मीटरवर, माथा २,९०० मीटरवर, एका बाजूचं अंतर ७ किलोमीटर. रात्री अकराला निघायचं, माथ्यावर सूर्योदय (साधारण सहाला) बघायचा आणि त्याच वाटेने खाली. गट बारा जणांचा, गाईड दोन. दोर लागत नाही. शेवटी थोडा घसारा (सुट्या दगडगोट्यांचा निसरडा उतार) आणि हात टेकत चढायचा खडकाळ टप्पा आहे म्हणे.

दिवसा तासभर टेकडी चढायची सवय आहे. रात्रभर चालणं कधी झालेलं नाही. विचारायचं असं की सहा आठवड्यांत व्यायाम नेमका काय करावा? कपडे किती घ्यावेत? हेडटॉर्च कशी निवडायची? आणि 'नवशिक्यांसाठी योग्य' यावर कितपत विसंबायचं?

कातळकडा

आधी गणित. ते जमलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

१८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. तुमच्या वाटेला हा लावला तर ७ किलोमीटरचे १ तास २४ मिनिटं आणि १,२०० मीटरचे २ तास, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. पण हा हिशेब तयारीच्या, दिवसा चालणाऱ्या माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. अंधारात, बारा जणांच्या गटात, नवख्यांसाठी तासाला २५० मीटर उंची धरा. म्हणजे पाच तासांच्या आसपास, वर थांबे. पहाटे साडेचार ते पाच वाजता माथा.

सूर्योदय सहाला. म्हणजे घामेजलेल्या अंगाने तास-दीड तास वाऱ्यात बसायचं. पहिल्या वेळी सगळे चढायची तयारी करतात. त्रास होतो तो या बसण्यात आणि नंतरच्या उतारात. तयारीही त्याच हिशेबाने करा. पूर्व उजळायला सूर्योदयाच्या तासभर आधी सुरुवात होते, तेव्हा साडेपाचला पोहोचलात तरी काही चुकत नाही. गाईड मुंगीच्या पावलांनी नेत असेल तर कुरकुर करू नका, तो बरोबर करतोय.

आता व्यायाम. जिना सगळ्यात उत्तम, कारण मोजता येतो. एक मजला साधारण ३ मीटर, म्हणजे तुमची चढाई ४०० मजल्यांची. आठवड्यातून एकदा मोठं सत्र करा: पहिल्या आठवड्यात ५० मजले, मग ८०, ११०, १४०, आणि पाचव्यात १७० ते २००. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर ३ किलो, चौथ्यापासून ५ किलो. सहाव्या आठवड्यात फक्त ४० मजले, तेही रिकाम्या पाठीने. शेवटचं कष्टाचं सत्र चढाईच्या आठ-दहा दिवस आधी संपलेलं असावं. मध्ये दोन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालणं पुरे.

एक गोष्ट न चुकता पाळा: उतरताना लिफ्ट वापरायची नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना ताणला जात असतानाच वजन पेलतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही ते या दुसऱ्या कामामुळे. स्नायूला दोन-चार वेळा याची ओळख झाली की पुढच्या वेळी दुखणं बरंच कमी होतं. शिवाय २० सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंद मोजत जमिनीला टेकवायची. प्रत्येक पायाला १२ वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत वळू द्यायचा नाही.

वेग ठरवायची सोपी कसोटी: पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे.

थरावरथर

वरच्या हिशेबाशी सहमत, कपड्यांचं मी लिहितो.

उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला रात्री १४ अंश असतील तर १,२०० मीटर वर साधारण ६, आणि दिवसाचं सगळ्यात कमी तापमान नेमकं सूर्योदयाच्या सुमारास असतं. त्यात वारा. ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे १ असल्यासारखं जाणवतं. हवामानाचा अंदाज पाहताना माथ्याच्या उंचीचा पाहा आणि वाऱ्याचा वेग आवर्जून पाहा. पायथ्याच्या गावाचा अंदाज इथे काही कामाचा नाही.

अंगालगत पॉलिएस्टर किंवा लोकरीचा पातळ थर. त्यावर पातळ फ्लीस. सॅकमध्ये वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट, आणि सगळ्यात शेवटी फुगीर उबदार जॅकेट, जे फक्त थांबल्यावर घालायचं. सुती बनियन, सुती टीशर्ट, जीन्स, सगळं घरी. सुती कापड घाम धरून ठेवतं, चालताना ते जाणवत नाही आणि थांबलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं.

निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. पायथ्यालाच ऊबदार वाटत असेल तर पंधरा मिनिटांत घामाघूम व्हाल. चांगला गाईड पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनी मुद्दाम थांबतो, तो याचसाठी. नाही थांबला तर सांगून थांबवा.

माथ्यावरचा क्रम पाठ करा: पोहोचल्यावर फोटो नाही, पाणी नाही, आधी कोरडा बनियन. आडोशाला जाऊन ओला काढायचा, कोरडा चढवायचा, वर उबदार जॅकेट, त्यावर वाऱ्याचं जॅकेट, टोपी, हातमोजे. हे सगळं अंग गरम असतानाच, पहिल्या पाच मिनिटांत. दहा मिनिटांनी बोटं इतकी बधिर होतात की चेन लावणं जमत नाही. बसायला सॅक किंवा फोमचा तुकडा घ्या. थंड खडकावर बसून जाणारी उष्णता कुठलंही जॅकेट भरून काढत नाही.

हातमोज्यांचे दोन जोड घ्या. पातळ चालताना आणि खडकावर, जाड थांबल्यावर. एकच जाड जोड आणला की खडक पकडताना तो काढला जातो आणि तिथेच राहतो.

मिणमिणता

हेडटॉर्च: २०० ते ३०० ल्युमेन (प्रकाशाचं माप) भरपूर झाले. प्रत्यक्ष चालताना ५० ते १०० वरच राहाल, जास्तीचा प्रकाश वाट शोधायला. खरेदी करताना ल्युमेनपेक्षा वेळ बघा, आणि वेळेवरही पूर्ण विश्वास ठेवू नका. पाकिटावरचे तास बहुतेकदा प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत मोजलेले असतात. 'आठ तास' म्हणजे आठ तास चालण्याजोगा उजेड नव्हे.

थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. न चार्ज होणारे लिथियम सेल थंडीत टिकतात, पण काही टॉर्चना ते चालत नाहीत, माहितीपुस्तिका वाचून घ्या. चार्जिंगवाली असेल तर पूर्ण भरून, बटण लॉक करून सॅकमध्ये ठेवा. सॅकमध्ये दाबली जाऊन दिवसभर जळत राहिलेली टॉर्च हा नेहमीचा घोटाळा आहे. सोबत दुसरी छोटी टॉर्च हवीच. अंधारात सेल बदलायलाही उजेड लागतो.

वापराचं एक तंत्र बरेच जण सांगत नाहीत. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या जवळून प्रकाश टाकतो, त्यामुळे दगडांच्या सावल्या दगडांमागेच लपतात आणि जमीन सपाट भासते. घसाऱ्यावर पाय कुठे टाकावा कळेनासं झालं की टॉर्च हातात घेऊन कमरेच्या उंचीवर धरा; सावल्या लांबतात, खाचखळगे दिसतात. धुक्यातही तेच, कपाळावर ठेवली तर समोर पांढरी भिंत उभी राहते.

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झोताने ते क्षणात वाया जातं. कुणाशी बोलताना मान खाली किंवा हाताने झोत झाका. लाल दिवा थांब्यावर सॅक उचकायला चांगला. खडकाळ वाटेवर लाल दिव्यात चालू नका, खोली समजत नाही.

टाचघासी

बुटांबद्दल कुणी बोललं नाही, आणि परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त हाल पायांचेच होतात.

आधी एक इशारा. कपाटात कित्येक वर्षं पडून असलेले 'कोरे' ट्रेकिंग बूट घालून जाऊ नका. मधल्या थरातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने आतून सडतं, न वापरताही. बाहेरून बूट झकास दिसतो आणि तिसऱ्या तासाला सोल पूर्ण सुटून येतो. वाकवून, टाचेजवळ अंगठ्याने दाबून बघा. भेगा किंवा भुगा दिसला तर बाद. मग एकदा १० किलोमीटर चालून खात्री करा.

नवे घेत असाल तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. चालायचे मोजे घालून, उतरत्या फळीवर उभं राहून बघा. बोटं पुढे टेकली तर अर्धा नंबर मोठा. घोट्याच्या वर जाणारे जड बूट की हलके ट्रेल शूज, यावर इथे वाद घालता येईल. ५-६ किलो पाठीवर असेल तर चांगल्या पकडीचे हलके शूज पुरतात असं माझं मत. घसाऱ्यात खडे आत शिरतात, त्यासाठी घोट्यावरचं कापडी गेटर लावा.

नखं चढाईच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा. उतार सुरू होण्याआधी नाड्या पुन्हा बांधायच्या: टाच मागे ठोकून बसवा आणि घोट्याजवळची गाठ घट्ट करा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही. हे टाळलं की नखं काळी पडतात. चालताना कुठे चटका बसल्यासारखं वाटलं तर लगेच थांबून टेप लावा. फोड आल्यावर टेप लावण्यात फारसा अर्थ नाही.

काठ्या दोन घ्या. चढताना कोपर काटकोनात, उतरताना त्याहून ५ ते १० सेंटिमीटर जास्त लांब. पट्ट्यातून हात खालून वर घाला. खडकाळ टप्प्यात मात्र दोन्ही सॅकला बांधून हात मोकळे करा. मनगटाला लोंबणारी काठी पायात येते.

कातळकडा

शूजबद्दल थोडा मतभेद. घोटा पूर्वी मुरगळलेला असेल किंवा वाट ओली असेल तर उंच बूटच बरे. बाकी सगळं मान्य.

तळपाय

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. जिना आजपासून सुरू.

आणखी तीन गोष्टी. एक, २,९०० मीटरवर विरळ हवेचा त्रास होतो का? दोन, पाणी आणि खाणं किती? तीन, जरा अवघड प्रश्न: वाटेत शौचालय नाही. रात्री लघवीचं काय करतात, आणि पाळी त्याच दिवशी आली तर?

निळीछत्री

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण त्याचा दुसऱ्याशी थेट संबंध आहे. लघवीला जावं लागू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग पहाटे डोकं दुखतं, थंडी जास्त वाजते. पाणी तोडू नका. सोय करा.

रात्री वाट सोडताना गाईडला सांगायचं, सॅक वाटेवर ठेवायची (तीच खूण), सोबत एकीला घ्यायचं, दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूला जायचं. टॉर्च बंद न करता जमिनीकडे वळवा. अंधारात एकटीने दहा पावलं बाजूला जाणं हा या सगळ्या रात्रीतला खरा धोका आहे, खडकाळ टप्प्यापेक्षाही. उभ्याने वापरायचं फनेल मिळतं, पण पहिला वापर घरी बाथरूममध्ये करा. शौचाला माती असेल तिथे पाण्यापासून ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. वर खडकच असेल तर पिशवी. टिश्यू आणि पॅड परत आणायचे. दोन झिपच्या पिशव्या, बाहेरची अपारदर्शक, आत थोडा खाण्याचा सोडा घातला की वास येत नाही. पाळीची तारीख जवळपास असेल तर निघतानाच तयारीने निघा. कप वापरायची सवय नसेल तर या रात्री सुरुवात करू नका, हात धुवायला पाणी नसतं.

पाणी तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर धरा, थंडीत खालची बाजू. वर-खाली मिळून तुमच्यासाठी माणशी ३ लिटर; वाटेत भरायची सोय आहे का ते गाईडला विचारा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. एका बाटलीत ओआरएस ठेवा. नळीवाली पिशवी वापरत असाल तर गोठणाऱ्या थंडीत प्रत्येक घोटानंतर नळीतलं पाणी फुंकून मागे ढकला.

खाणं: निघण्याच्या तीन तास आधी नेहमीचं, तेलकट नसलेलं जेवण. वाटेत भूक लागायची वाट न बघता तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक केळं आणि दोन-तीन खजूर एवढं. रात्री तीनला कुणालाच खावंसं वाटत नाही. गोड आणि खारट दोन्ही ठेवा, आणि हातमोजे न काढता तोंडात टाकता येईल असं बाहेरच्या खिशात.

प्राणवायू

उंचीबद्दल. साधारण २,५०० मीटरच्या वर त्रासाची शक्यता सुरू होते. तुमच्या माथ्यावर प्रत्येक श्वासाला समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के प्राणवायू मिळेल. धाप लागणं हा आजार नाही. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा विचित्र थकवा आला तर तो उंचीचा त्रास समजून चालायचं.

हा त्रास बहुधा उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो, त्यामुळे एका रात्रीच्या चढाईत अनेकांना तो उतरताना कळतो. पहिल्या दोन तासांतली मळमळ बहुतेक वेळा जास्त वेग किंवा भरलेल्या पोटाची असते. तरी नियम एकच: लक्षणं असताना वर जायचं नाही. थांबून, पाणी पिऊन बरं वाटलं तर हळू पुढे. वाढलं तर खाली. डोकेदुखीची गोळी घेऊन बरं वाटलं म्हणून चढत राहणं चूक. चालताना झोकांड्या जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी, अंधार असला तरी, सोबतीने खाली.

समुद्रसपाटीवरून त्याच दिवशी येणार असाल तर शक्य झाल्यास आदली रात्र पायथ्यालाच झोपा. दारू आणि झोपेची गोळी टाळा. ॲसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायचं औषध) घ्यावं का, हे डॉक्टरला विचारूनच ठरवा, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार किंवा गरोदरपण असेल तरीही आधी डॉक्टर.

कातळकडा

'नवशिक्यांसाठी योग्य' यावर कितपत विसंबायचं, हा मूळ प्रश्न राहिला. त्या शब्दांचा अर्थ फक्त 'दोर लागत नाही' एवढाच असू शकतो. पैसे भरण्याआधी हे विचारा.

दोन गाईडपैकी एक कायम शेवटी चालतो का? एक जण मध्येच परत फिरला तर त्याच्यासोबत कोण जातं, आणि मग उरलेल्या गटाकडे किती गाईड राहतात? बारा जणांना दोन हे प्रमाण इथेच तुटतं. परत फिरायची ठरलेली वेळ कोणती? ('माथा गाठल्याशिवाय परत येत नाही' असं उत्तर आलं तर दुसरा आयोजक बघा.) वारा किंवा विजांमुळे रद्द झालं तर पैशांचं काय? हा प्रश्न व्यवहाराचा वाटतो, पण पैसे परत न करणारा आयोजक वाईट हवेतही निघायची शक्यता जास्त. खडकाळ टप्प्यात हेल्मेट देतात का? मोबाइलला रेंज नसेल तर संपर्क कशाने? उत्तरं गुळमुळीत आली तर तेही उत्तरच.

गटात सगळ्यात हळू चालणाऱ्याला गाईडच्या लगेच मागे ठेवतात. ते तुम्ही असाल तर लाजू नका. घसाऱ्यात एकाच्या बरोब्बर खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही, आणि पायाखालून दगड सुटला तर खाली कुणी दिसो न दिसो, 'दगड!' असं मोठ्याने ओरडायचं.

मिणमिणता

झोपेचं राहिलं. आदल्या दोन रात्री तासभर जास्त झोपा आणि चढाईच्या दिवशी संध्याकाळी दीड तास पडा. झोप लागली नाही तरी डोळे मिटून अंधारात पडून राहा. पहाटे तीन ते पाच शरीर सगळ्यात सुस्त असतं. कॉफी घेणार असाल तर ती अडीचच्या सुमारास, निघताना नको.

उतरताना ऊन असतं, हे रात्री सॅक भरताना कुणाला आठवत नाही. गॉगल, टोपी, सनस्क्रीन घ्या. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. फोन एअरप्लेन मोडवर, आतल्या खिशात अंगालगत, नाहीतर थंडीने नेमका सूर्योदयाला बंद पडतो.

सॅक २५ ते ३० लिटर, पाण्यासकट ६ किलोच्या आत. तळाला कोरडा बनियन प्लास्टिकच्या पिशवीत, वर उबदार जॅकेट, सगळ्यात वर वाऱ्याचं जॅकेट. आदल्या आठवड्यात एकदा पूर्ण सॅक घेऊन रात्री दोन तास ओळखीच्या वाटेवर चाला; घरातला दिवा घालवून त्यातली प्रत्येक वस्तू नुसत्या हाताने शोधता आली पाहिजे.

आणि परतताना गाडी तुम्ही दोघांपैकी कुणीही चालवू नका. चोवीस तास जागं राहून स्टिअरिंगवर बसण्यापेक्षा ती वाट बरी. चालक ठरवा, नाहीतर पायथ्याला चार-पाच तास झोपायची खोली आत्ताच सांगून ठेवा.